पेट्रोलची रोजकीर्द

श्रावण लागला त्या आठवड्यात नायगावातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जेवणानंतर पेट्रोलचा विषय निघाला. फर्मच्या खात्यावर पंपाचे बिल आले होते आणि ते मागील वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा बरेच फुगलेले होते. कारण शोधताना घराची नजर जेथे सहज जाते तेथेच ती गेली. घरातील बा रोज सकाळी देरासरात जातात. देरासर दादर पूर्वेलाच, घरापासून जेमतेम एक किलोमीटरवर. गुडघे साथ देत नाहीत म्हणून गाडीने जावे लागते. नातू सहज बोलून गेला, "बा, तुम्ही एक दिवसाआड गेलात तर नाही का चालणार?" बोलण्यात कडवटपणा नव्हता. बा "चालेल" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या देवाच्या तसबिरीपुढेच चैत्यवंदन केले. तिसऱ्या दिवशीही केले. पाचव्या दिवशी त्यांच्या चिरंजिवांच्या लक्षात आले की आईने गाडीचे नाव काढणेच सोडून दिले आहे, आणि तेही चातुर्मासात, व्याख्यान सुरू असताना.

ही हकिगत एकाच घराची असली तरी बहुतेक घरांत काटकसरीचा पहिला घाव असाच पडतो. जो उलट बोलत नाही त्याची फेरी आधी बंद होते. दुकानाची फेरी आवश्यक, मुलांच्या क्लासची आवश्यक, रविवारचे फिरणे आठवड्याचा विसावा म्हणून आवश्यक, मग उरते ती वृद्धांची. व्यापारी घराण्यात दुकानाच्या कापडाचा हिशेब मीटरच्या अपूर्णांकापर्यंत असतो. गाडीचा हिशेब मात्र "वाहन खर्च" या एका ओळीत, महिन्याच्या शेवटी, ठोक रकमेने लिहिला जातो. ठोक रकमेत दोष कोणाचा हे दिसत नाही. तो ज्याच्यावर टाकावा त्याच्यावर बसतो.

दोष भावावर टाकण्याचीही सोय आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते रोज सकाळी सहाला बदलू लागले. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्ये ते १२०.५१ रुपयांवर गेले. मात्र त्यानंतरचा प्रवास उतरणीचा आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने अबकारी शुल्क घटवले, जुलै २०२२ मध्ये राज्याने पाच रुपये कमी केले, मार्च २०२४ मध्ये आणखी दोन रुपये उतरले. १ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २६ वरून २५ टक्के झाला, तेव्हापासून २०२५ च्या अखेरपर्यंत मुंबईतील भाव लिटरला साडेतीन-एकशे रुपयांच्या, म्हणजे १०३.५० च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला आहे. तेव्हा वर्षभरात बिल वाढले असेल तर भाव वाढला हे उत्तर चुकीचे आहे. लिटर वाढले आहेत, आणि लिटर कोठे गेले हे पंपाच्या पावतीवरून कळत नाही.

संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् झाले आणि चिरंजिवांनी एक साधी वही गाडीत ठेवली. पद्धत जुनीच, पण फार थोडे लोक ती पाळतात. ३१ ऑगस्टच्या रात्री टाकी पूर्ण भरली. नळी आपोआप बंद होते तेथे थांबायचे, त्यावर एक थेंबही ओतून घ्यायचा नाही. मीटरचा आकडा लिहिला. पुढे महिनाभर प्रत्येक फेरी लिहिली: कोठून कोठे, किती किलोमीटर, गाडीत कोण. ३० सप्टेंबरला त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरली. मधल्या काळात जेवढे लिटर भरले गेले तेवढे जळले, एवढा तो सरळ जमाखर्च. पाचशेचे किंवा हजाराचे पेट्रोल टाकणाऱ्याला हा मेळ कधीच बसत नाही, कारण त्याच्या वहीत रुपये असतात, लिटर नसतात. "आमची गाडी पंधरा देते" हे वाक्य बहुतेक वेळा विक्रेत्याने ऐकवलेले असते, मोजलेले नसते.

सप्टेंबरचा आकडा असा निघाला. गाडी ६५० किलोमीटर चालली आणि ६५ लिटर पेट्रोल लागले. पंधरा म्हणवणारी गाडी दहा देत होती. रक्कम झाली ६,७२७ रुपये. रविवार चार आणि अनंत चतुर्दशी वगळता पंचवीस दिवस दुकानाची फेरी झाली. नायगावहून डॉ. आंबेडकर मार्ग, लालबाग, भायखळा, जे. जे. उड्डाणपूल आणि तेथून काळबादेवीचे मूळजी जेठा मार्केट, जाऊन-येऊन सतरा किलोमीटर. ही एकच फेरी महिन्याला ४२५ किलोमीटर झाली. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या सरासरीवरून अंदाज केला तर त्यात साडेचाळीस लिटर, म्हणजे सुमारे ४,१९० रुपये गेले. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या अलीकडे गाडी जेवढा वेळ उभी होती तेवढ्यात चालत भायखळा आले असते. गाडीत माणूस मात्र एकच होता.

देरासराच्या रकान्यात १२० किलोमीटर आणि सुमारे पंधरा लिटर निघाले. हा आकडाही लहान नाही. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये सर्वांत जास्त पेट्रोल पिते, आणि एक किलोमीटरची फेरी इंजिन तापण्यापूर्वीच संपते. पण चौथ्या रकान्याने, "गाडीत कोण" या रकान्याने, खरी गंमत केली. सकाळी बांना सोडायला एक किलोमीटर, मग गाडी घरी परत एक किलोमीटर. तासाभराने आणायला पुन्हा एक, आणि बांना घेऊन परत एक. रोज चार किलोमीटर. त्यांपैकी दोन किलोमीटर बा गाडीत नसतातच. चिरंजीव आईला सोडून घरी येत, वर्तमानपत्र वाचत आणि पुन्हा जात. बांच्या नावावर लिहिलेल्या १,५५० रुपयांतले निम्मे वर्तमानपत्राचे होते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बा गेली अनेक वर्षे रोज सकाळी चौदा नियम धारतात. सचित्त, द्रव्य, विगई यांच्याबरोबर त्यांत "वाहन" आणि "दिशा" हेही नियम आहेत. आज किती वाहनांचा उपयोग करणार आणि कोणत्या दिशेला किती अंतर जाणार, याची मर्यादा दिवस उजाडताना मनाशी ठरवायची. म्हणजे त्या घरात वाहनाचा रोजचा हिशेब ठेवणारी व्यक्ती एकच होती आणि काटकसर तिलाच सांगितली गेली होती. श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे व्रत अनर्थदंड-विरमणाचे. ज्यातून कोणाचेही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा टाळणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. उपाश्रयाच्या दारात वातानुकूलन चालू ठेवून पंधरा-पंधरा मिनिटे इंजिन धडधडत ठेवणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की हे व्रत डोळ्यांपुढे येते. लहान गाडी उभ्या उभ्या तासाला अर्ध्या लिटरपासून लिटरभरापर्यंत पेट्रोल जाळू शकते. बांच्या फेरीला प्रयोजन होते. रिकाम्या दोन किलोमीटरना नव्हते.

टॅक्सीचा पर्यायही वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिला गेला. शहराच्या या भागात रिक्षा नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून, पहिल्या दीड किलोमीटरसाठी, ३१ रुपये आहे. जाऊन-येऊन ६२. चार किलोमीटरच्या स्वतःच्या फेरीचे पेट्रोल सुमारे ५२ रुपयांचे. नुसत्या पेट्रोलशी तुलना केली तर गाडी दहा रुपयांनी स्वस्त दिसते. क्लच, ब्रेक आणि बॅटरी यांची झीज धरली तर तो फरक राहत नाही. पण किलोमीटरभरासाठी सकाळी सातला टॅक्सीवाला हो म्हणेल याची शाश्वती नाही, आणि ऐंशीच्या घरातील बाईने नाक्यावर तीन नकार ऐकत उभे राहावे हे कोणत्याही वहीत बसण्यासारखे नाही. तो पर्याय तेथेच सोडला.

याच सुमारास नातवाने दुसरा उपाय पुढे केला. २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, दालनांत गर्दी होती, धनत्रयोदशी तोंडावर होती. नवी गाडी लिटरला चौदा देईल, पेट्रोल वाचेल, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, अर्धा होता. जुनी गाडी देऊन वर साडेपाच लाख भरावे लागतात असे धरले, तर ६५० किलोमीटरला ४६ लिटर लागतील आणि महिन्याला साधारण १,९०० रुपये, वर्षाला २३,००० रुपये वाचतील. साडेपाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे नुसते व्याज होते ३८,५००. गाडीची घसरण अजून मोजलेलीच नाही. नवी गाडी हौसेसाठी, सुरक्षिततेसाठी किंवा घरात माणसे वाढली म्हणून घ्यावी. तिला पेट्रोलच्या बचतीचे नाव देणे म्हणजे भांडवली खर्च महसुली खात्यात ढकलणे होय.

सीएनजीचा विचार मात्र इतक्या लवकर निकालात निघत नाही, आणि मुंबईकर व्यापाऱ्याला त्याचा मोह अधिक. महानगर गॅसच्या वायूचा दर २०२५ मध्ये किलोला ८० रुपयांच्या आसपास होता. किलोला शहरात चौदा किलोमीटर धरले तर ६५० किलोमीटरला सुमारे ३,७०० रुपये लागतात. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला तीन हजारांची बचत. अधिकृत किट बसवायला, परिवहन कार्यालयातील नोंदीसह, साठ हजार लागतील असे धरले तर वीस महिन्यांत पैसे वसूल. येथपर्यंत सगळे जमते. मग २०२२ हे वर्ष आठवावे. १ एप्रिल २०२२ रोजी राज्याने वायूवरील कर १३.५ वरून ३ टक्के केला आणि मुंबईतील दर ६० रुपयांवर आला. त्या आठवड्यात किट बसवणाऱ्यांना आपण जिंकलो असे वाटले असेल. एप्रिल संपायच्या आत दर ७६ झाला, ऑगस्टमध्ये ८६ ला शिवून मागे आला आणि नोव्हेंबरमध्ये ८९.५० वर गेला. आठ महिन्यांत दीडपट. वायूचा स्वस्तपणा हा करार नव्हे, आजचा भाव आहे. पुरवठ्याचेही तसेच. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास आरसीएफच्या आवारातील मुख्य वायुवाहिनीला इजा पोहोचली आणि वडाळ्याच्या केंद्राचा पुरवठा तुटला. नायगावच्या अगदी शेजारची घटना. शहरभर पंपांवर रांगा लागल्या, टॅक्सी-रिक्षा थांबल्या. ज्यांच्या टाकीत पेट्रोल होते ते निभावले. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी आणि डिकीतली गेलेली जागा. कापडाचे नमुने नेणाऱ्याला ती जागाही मोलाची.

तरीही दूर अंतर रोज तोडणाऱ्याला वायू परवडतो हे मान्य करायला हवे. मुलुंडहून किंवा बोरिवलीहून रोज पेढीवर येणाऱ्याचा हिशेब नायगावच्या माणसापेक्षा निराळा असतो.

"पेट्रोल तर फर्मच्या खात्यात जाते" हे वाक्य व्यापारी घरांत इतक्या निर्धास्तपणे उच्चारले जाते की त्याचा वेगळा समाचार घ्यावा लागतो. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत नाही. त्यावरील कराचा परतावा फर्मला मिळत नाही. खर्च म्हणून वजावट मिळते, आणि भागीदारी फर्मचा प्राप्तिकर अधिभार न धरता उपकरासह ३१.२ टक्के होतो. म्हणजे ६,७२७ रुपयांतले सुमारे २,१०० करापोटी वाचतात, उरलेले ४,६०० पेक्षा अधिक भागीदारांच्याच नफ्यातून जातात. त्यातही घरगुती फेऱ्यांचा भाग खर्च म्हणून अमान्य होऊ शकतो. फर्मचे पेट्रोल फुकट नसते, फक्त ते दुसऱ्या खिशातून जाते.

बाकीचे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. चाकांतील हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या दाबाइतकी भरावी. डिकीतले जुने गठ्ठे काढून टाकावेत. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आसपासचा एकसारखा वेग ठेवावा. हिंदमाताच्या सिग्नलवर अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. हे सगळे करावे, पण यातून लिटर वाचतात ते दोन-चार. पेट्रोलमधील वीस टक्के इथेनॉलची तक्रारही घरोघरी आहे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा दहा टक्के मिश्रणावरून वीसवर गेल्याने तीन-साडेतीन टक्क्यांचा फरक पडणे गणिताने समजते. ६५ लिटरमागे तो दोन-सव्वादोन लिटरचा. पंधराची गाडी दहा देते याचे खापर इथेनॉलवर फुटत नाही. ते लालबागच्या कोंडीवर आणि एकट्या माणसाच्या गाडीवरच फुटते.

म्हणून वहीचा रोख पुन्हा दुकानाच्या फेरीकडे वळला, आणि खरी अडचण तेथे होती. दादरहून मरीन लाइन्सला लोकल जाते, तेथून मार्केट चालत गाठता येते. चिरंजिवांचे वडील आयुष्यभर तसेच गेले. गाडी आली ती नंतर, आणि ती आली तेव्हा शेठ लोकलने जात नाहीत असा एक अलिखित नियमही तिच्याबरोबर आला. बाजारात पत ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे आणि पेढीसमोर उतरणारी गाडी हा तिचा एक भाग, हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. उधारीवर माल देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या चपलांकडे पाहतात. पण त्याच बाजारात अकराच्या ठोक्याला पेढी उघडणे हीही पतच आहे. वहीतील नोंदींप्रमाणे सप्टेंबरमधील पंचवीस दिवसांपैकी नऊ दिवस गाडीने पोहोचायला उशीर झाला होता. त्या नऊ दिवसांनी जे पटवले ते पेट्रोलच्या आकड्याने पटले नसते.

दिवाळी झाली, चोपडापूजन झाले, लाभपंचमीला पेढी उघडली. नोव्हेंबरपासून आठवड्यातले दोन दिवस, नमुने किंवा वसुलीचे काम असेल तेव्हा, गाडी, एरवी लोकल. ९ ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागल्याने दादरहून बसून थेट काळबादेवीला उतरता येते, पण मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला; नायगावहून तेथपर्यंतची चाल पाहता चिरंजिवांनी लोकलच पसंत केली. नातू मेट्रोने जातो. एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबरला बंद झाल्यापासून प्रभादेवीच्या गिऱ्हाइकाकडे जायला टिळक पुलाचा वळसा पडतो, म्हणून ते काम आता गाडीच्याच दोन दिवसांत उरकले जाते.

नोव्हेंबरअखेर टाकी पुन्हा काठोकाठ भरली तेव्हा मीटर ३०१ किलोमीटर पुढे गेला होता आणि ३० लिटर लागले होते. रक्कम ३,१०५. सप्टेंबरच्या निम्म्याहून कमी. रेल्वेचा पास आणि मेट्रोचे भाडे वजा केले तरी वर्षाला तीस हजारांच्या घरात शिल्लक पडावी. नातवाने त्यावर सीएनजीचा प्रस्ताव नव्याने मांडला, पण आता साठ हजारांच्या किटची वसुली वीस महिन्यांत होत नव्हती. गाडीच कमी चालत असल्याने महिन्याची बचत चौदाशेच्या आत आली आणि मुदत साडेतीन वर्षांवर गेली. दोन बचतींची बेरीज होत नाही, हे व्याजाच्या धंद्यातील लोकांना चटकन समजते. किट पुढे ढकलले गेले, गाडी जुनीच राहिली.

देरासराच्या रकान्यात नोव्हेंबरमध्ये तीसही दिवस भरलेले आहेत. किलोमीटर मात्र १२० ऐवजी ६०. चिरंजीव आता आईला सोडून परत येत नाहीत. गाडी बंद करून तासभर तेथेच थांबतात. पहिले काही दिवस ते बाहेर बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसत, पुढे पूजेचे कपडे गाडीत ठेवू लागले. वही अजून गाडीतच आहे आणि "गाडीत कोण" हा रकाना आता बाच भरतात.